दुसरी नजर

मिलर्सफर्ड, ओहायो
१७ ऑक्टोबर १९३७

परमपूज्य हॉटेल-मॅनेजर महाशयांस,

शनिवारी तुझा नवा सिनेमा आमच्या गावात लागला. 'आपल्या' असं लिहिणार होतो. पण तू इतकी वर्षं इकडे फिरकला नाहीस, तेव्हा गावावरचा हक्क तू सोडला आहेस असं धरून चालतो. थिएटरवाल्याने पाटीवर ठळक रंगवलं होतं, 'मिलर्सफर्डचा सुपुत्र लायल हॅवरस्टॉक', आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'व इतर'. नायक-नायिका इतरांत जमा झालेले मी प्रथमच पाहिले. त्या बिचाऱ्यांचं लग्न शेवटी होतं की नाही, हे गावात कोणालाच आठवत नाही. सिंह मात्र सगळ्यांना आठवतो.

काय तो प्रसंग! मोलकरीण धापा टाकत येते. "साहेब, वरच्या खोलीत टबात सिंह बसलाय!" तू तिच्याकडे बघतोस. "ठीक आहे," म्हणतोस. मान खाली. टाक दौतीत बुडवतोस, झटकतोस, पाहुण्याचं नाव लिहायला घेतोस. आणि मग, प्रेक्षक आशा सोडून देतात तेव्हा, मान सावकाश वर येते आणि तो अख्खा सिंह तुझ्या चेहऱ्यावर उगवतो.

ही दुसरी नजर तू हॉलिवुडात कमावलीस, असं वर्तमानपत्रात छापून आलंय. खोटं आहे. ती आपल्या जेवणाच्या टेबलावर जन्मली. बाबा म्हणाले, "गोठा पेटलाय!" तू "हो का," म्हणून कणसाला लोणी लावत राहिलास आणि चांगलं सगळीकडून लावून झाल्यावर वर पाहिलंस. आईला हसू आवरेना. त्या हसण्यापायी गोठ्याचा एक कोपरा जास्त जळाला. संस्कृत नाटकातल्या विदूषकाला असा भाऊ असता, तर त्याचंही चरित्र कोणीतरी धड लिहिलं असतं. (मी कॉलेजात संस्कृत शिकलो हे आमच्या शाळेच्या मंडळाला सांगितलं, तेव्हा तो त्वचेचा विकार असावा अशा चेहऱ्याने अध्यक्षांनी खुर्ची मागे सरकवली होती. तेव्हापासून मी फक्त लॅटिन शिकवतो.)

एक तक्रार आहे. या खेपेस तू फार वेळ लावलास. मला वाटलं, झोपलास. माझ्या पुढे होबार्ट न्हावी बसला होता, त्याच्या घशात शेंगदाणा अडकला आणि मागच्या रांगेतल्या बायकांनी त्याला बुकलून काढलं. आता दुकानात येईल त्याला सांगतो, "मास्तरांच्या भावाने मला मारलंच असतं हो. पण हसत मेलो असतो!"

नाताळला ये. तुझ्या विनीलाही आण.

तुझा थोरला,
ॲम्ब्रोज


हॉलिवुड
९ नोव्हेंबर १९३७

प्रिय प्रोफेसर,

(तू शाळामास्तर आहेस हे मला माहीत आहे. पण इथे ज्याने एक पुस्तक शेवटपर्यंत वाचलंय त्याला प्रोफेसर म्हणायची पद्धत आहे.)

सिंहाची गंमत ऐक. सिनेमा तयार झाला की आमचे लोक तो डबा उचलून पोमोनासारख्या एखाद्या गावात नेतात आणि न सांगता न सवरता भलत्याच खेळानंतर दाखवतात. शेतकरी, दुकानदार, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, असा प्रेक्षक. स्टुडिओची मोठी मंडळी मागे अंधारात बसून ऐकतात. हो, ऐकतात! पडद्याकडे कोणी बघतसुद्धा नाही. जिथे हशा येतो तिथे थोडी जागा वाढवायची, म्हणजे पुढचं वाक्य हशात बुडत नाही. जिथे लोक गप्प बसतात तिथे कात्री. साधा हिशेब आहे. मी वीस वर्षं त्याच कात्रीखाली जगतोय.

तर पोमोनाच्या लोकांनी खेळानंतर मत द्यायला वाटलेल्या चिठ्ठ्यांवर लिहिलं, 'हॉटेलवाला आणखी दाखवा.' डायरेक्टर म्हणाला, "लायल, तू त्या वेळी जे थांबलास ना, तसं थांबायची हिंमत या शहरात कोणाच्या बापात नाही." मी म्हटलं, "मी थांबलो नव्हतो. उशीर झाला." तो इतका हसला की त्याला खुर्ची द्यावी लागली. आता सगळ्यांना ताकीद आहे, लायलला घाई करायची नाही.

विनी मजेत आहे. माझी वाक्यं ती चिठ्ठ्यांवर लिहून ट्रेच्या आत चिकटवते. म्हणून मी हल्ली ट्रेवाल्या भूमिकाच घेतो. ट्रे नसेल तर निदान मेनूकार्ड. इथे सगळेच करतात असं.

नाताळला जमणार नाही, काम आहे. औषधवाल्या पर्डीला माझा नमस्कार सांग. त्याच्याकडची लिंबाची गोळी अजून जिभेवर आहे.

तुझा,
लायल


मिलर्सफर्ड
२० फेब्रुवारी १९३८

प्रिय लायल,

तुझा नमस्कार पर्डीला पोचवायला मी गेलो होतो. तो टेकडीवर, चर्चच्या मागे, आईबाबांच्या शेजारच्या ओळीत असतो. त्याने उत्तर दिलं नाही. त्याच्या अंत्ययात्रेला तू कॅलिफोर्नियाहून पांढऱ्या फुलांचं चक्र पाठवलं होतंस, आणि ते इतकं मोठं होतं की पर्डीपेक्षा लोक चक्रालाच पाहायला आले होते. तेव्हा ही थट्टा मला जरा उशिरा कळली, असं धरून मी हसलो.

मग काल तुझा दुसरा सिनेमा पाहिला. तो जहाजावरच्या वाढप्याचा.

लायल, आता थट्टा बाजूला ठेवतो. तू सहा वर्षांचा असताना जत्रेत हरवला होतास. सगळं गाव शोधत होतं. तू मला डुकरांच्या कुंपणापाशी सापडलास. मी "लायल!" म्हणून ओरडलो. तू माझ्याकडे पाहिलंस, आणि त्या नजरेत मी नव्हतो. कोणीतरी एक मुलगा होता, अनोळखी. मग तू डुकरांकडे पाहिलंस आणि जरा वेळाने परत माझ्याकडे. तेव्हा कुठे रडायला लागलास. ती मधली नजर मी जन्मात एकदाच पाहिली होती. काल पुन्हा पाहिली, भिंतीएवढी मोठी.

तुझी पूर्वीची नजर मला पाठ आहे. तू थांबतोस, पण डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात तुला सगळं ठाऊक असतं. काल कप्तान म्हणाला, "जहाज बुडतंय," आणि तू बशा पुसत राहिलास, तेव्हा त्या कोपऱ्यात कोणी नव्हतं. थिएटर गडगडत होतं. होबार्ट मांडीवर थापा मारत होता. संस्कृतच्या जुन्या नाट्यशास्त्रात हास्य आणि करुण या दोन रसांना वेगवेगळ्या खोल्या दिल्या आहेत. काल मला त्यांच्यातली भिंत दिसेना.

तू बरा आहेस ना? याचं उत्तर विनोदाने देऊ नकोस. किंबहुना तू देऊच नकोस. विनीला द्यायला सांग.

ॲम्ब्रोज


हॉलिवुड
६ मार्च १९३८

प्रिय ॲम्ब्रोज,

तुमचं पत्र मी आधी वाचलं, त्यांना दिलं नाही. माफ करा. हल्ली सगळं टपाल मीच आधी वाचते.

मी आयुष्यभर स्टुडिओच्या कपडेखात्यात सुई चालवली, मला गोड लिहिता येत नाही. तुम्ही पाहिलंत ते खरं आहे. दोन डॉक्टरांना दाखवलं. म्हातारपणी मेंदू जसा झिजतो तसा यांचा आत्ताच झिजतोय, का ते त्यांना माहीत नाही, आणि औषध नाही. अवघ्या पन्नाशीत! आधी माणसांची नावं गेली, मग रस्ते. गेल्या महिन्यात आपल्याच घराच्या दारात उभे राहून घंटा वाजवत होते.

सकाळी कधी कधी मला ओळखत नाहीत. चिडत नाहीत, घाबरत नाहीत. इतक्या वर्षांची पडद्यावरच्या बटलरची सवय आहे ना. उठतात, मान लववतात आणि म्हणतात, "बाईसाहेब, नाश्ता अप्रतिम होता. आपल्या घरी मुक्काम फार सुखाचा झाला." मी म्हणते, "अहो, बसा खाली, अजून अंडी यायचीत." मग बसतात.

स्टुडिओत कोणाला कळलेलं नाही. कसं कळणार? ते जितके हरवतात तितके लोक हसतात. डायरेक्टर सांगत फिरतो की असं नियंत्रण त्याने उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. मी ट्रेमध्ये चिठ्ठ्या चिकटवते आणि गप्प बसते. तुम्ही म्हणाल, थांबव हे. पण ॲम्ब्रोज, त्यांना आता फक्त सेटवरच सुख आहे. तिथे जमिनीवर खडूने खूण असते, कुठे उभं राहायचं ते. समोरचा कोण ते कोणीतरी सांगतं. काय बोलायचं ते लिहिलेलं असतं. घरी मी एवढं नाही देऊ शकत.

जूनमध्ये एक मोठा सिनेमा सुरू होतोय. जुन्या घराण्याचा बटलर, जवळजवळ प्रत्येक प्रसंगात. बहुधा शेवटचाच. कोणाला सांगू नका. आणि या. तुमचं नाव अजून त्यांच्या तोंडात असतं, पण ते किती दिवस राहील ते मला सांगता येत नाही.

विनी


मिलर्सफर्ड
१३ मार्च १९३८

प्रिय विनी,

कोणाला सांगणार नाही. मला सांगायला इथे होबार्ट आहे, आणि त्याला सांगितलं की कोलंबस शहरापर्यंत बातमी जाते.

तुम्ही थांबवा असं मी म्हणणार नाही. दोन रात्री तेच म्हणायचं ठरवत होतो. मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं, आणि त्या खडूच्या खुणेपाशी अडखळलो. मलाही वर्गात खडूच धरून उभं राहता येतं. तो काढून घेतला तर मी कोण, हे मला नीट सांगता येणार नाही.

शाळा जूनच्या पहिल्या आठवड्यात सुटते. मंडळ त्याआधी रजा देत नाही. अध्यक्षांच्या मते लॅटिन ही तातडीची बाब आहे. सुटी लागली की त्याच दिवशी निघतो. तोवर माझं नाव त्याच्या कानावर घालत राहा. नाश्त्याबरोबर, रोज थोडं थोडं.

ॲम्ब्रोज


हॉलिवुड
१ मे

प्रोफेसर,

हे मी स्वतः लिहितोय, बागेत बसून. आज डोकं स्वच्छ आहे. असे दिवस येतात. म्हणून घाईने लिहितो.

मला माहीत आहे. विनीला वाटतं मला माहीत नाही. तिला तसंच वाटू दे, तिची त्यात फार मेहनत गेली आहे.

सेटवर काय होतं ते तुला सांगतो, तुलाच कळेल. समोरचा काहीतरी बोलतो. शब्द येतात आणि आरपार जातात. मी बशी पुसतो. मग कुठून तरी हसू ऐकू येतं, दिवेवाले, सुतार, कोणीतरी. त्यावरून मला कळतं की काहीतरी बोललं गेलंय आणि आता मी वर बघायला हवं. पूर्वी माझ्या बघण्याने हसू यायचं. आता त्यांच्या हसण्याने मी बघतो. मिळकत तीच आहे, दुकान उलटं झालंय.

वाईट नाही रे. लोक हसतात तिथेच मी हरवलेला असतो. म्हणजे निदान कुठे हरवलोय ते सगळ्यांना ठाऊक आहे.

तू येतोयस असं विनी म्हणाली. स्टेशनवर मोठ्या घड्याळाखाली उभा राहा. मी तुझ्याकडे बघेन, कोणीतरी परका असल्यासारखं. मग दुसरीकडे बघेन. आणि मग दुसरी नजर. अस्सल, आपल्या टेबलावरची, गोठा पेटला होता तशी. फक्त तुझ्यासाठी, फुकट. विसरलो तर थांब जरा. घाई करू नकोस.

पर्डीला नमस्कार.

लायल


हॉलिवुड
२ ऑक्टोबर १९३८

प्रिय ॲम्ब्रोज,

तुमच्या जाण्यानंतर घर मोठं वाटतं. बरी बातमी आधी देते. सिनेमा पोमोनाला दाखवला, मी मागे जाऊन बसले होते. लोक रडेपर्यंत हसले. एका जागी मात्र गप्प झाले. बाकी चिठ्ठ्या चांगल्या होत्या.

स्टुडिओला शेवटी कळलं. रागावले नाहीत. मोठी फुलं पाठवली आणि त्यांच्या खोलीच्या दारावरची पाटी काढून घरी आणून दिली. ती मी स्वयंपाकघरात लावली आहे, म्हणजे ते रोज वाचतात आणि विचारतात, "हे हॅवरस्टॉक साहेब कधी येणार?"

तुमच्याकडे तो सिनेमा लागला तर इतक्यात जाऊ नका. जुना होऊ द्या. एवढं माझं ऐका. पत्र मात्र लिहीत राहा, मी त्यांना वाचून दाखवते. तुमचा आवाज नसला तरी कान देऊन ऐकतात.

विनी


मिलर्सफर्ड
२७ नोव्हेंबर १९३८

प्रिय लायल,

हे विनी तुला मोठ्याने वाचून दाखवील. तुला आठवणार नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो. मास्तर आहे, तोच धडा पुन्हा सांगण्याचा मला पगार मिळतो.

जूनमध्ये मी तुझ्याकडे आलो. सांगितल्याप्रमाणे घड्याळाखाली उभा राहिलो. तू विनीचा हात धरून आलास, पांढरा सूट, हातात हॅट. माझ्याकडे पाहिलंस. "या साहेब," म्हणालास, "प्रवासात त्रास नाही ना झाला? मुक्काम बरेच दिवस का?" आणि माझ्या हातातली पेटी घेऊन दुसरीकडे पाहिलंस. लोकांनी तुला ओळखलं. हां हां म्हणता घोळका जमला. एक बाई शेजारणीला म्हणाली, "थांब गं, आता बघ, आता वळून बघेल!" सगळे थांबले. मीही थांबलो. तुझ्यावर एवढा भरवसा ठेवणारा घोळका मी चर्चमध्येसुद्धा पाहिलेला नाही.

तू वळला नाहीस. पेटी घेऊन चालू लागलास. लोक तरीही हसले. त्यांना वाटलं, हीच नवी तऱ्हा.

मग कितीतरी दिवस मी तुझ्या घरी पाहुणा होतो. तू रोज माझी खुर्ची मागे ओढायचास. मी गोठ्याची गोष्ट सांगायचो, तू म्हणायचास, "फारच रंजक, साहेब. पुढे गोठ्याचं काय झालं?" विनी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची.

एके दिवशी विनीने मला सेटवर नेलं. मला कॅमेऱ्यामागे दोन दिव्यांच्या मध्ये उभं केलं. प्रसंग असा: घंटा वाजते, तू दार उघडतोस, दारात तो काका, ज्याला सगळे मेला असं समजत असतात. "नमस्कार साहेब," म्हणून तू त्याची हॅट घेतोस, आत वळतोस, आणि मग.

तू वळलास. हॅट हातात. थांबलास. डायरेक्टरने बोट ओठांवर ठेवलं, लायलला घाई नाही. सुतारांपैकी कोणीतरी हसलं. तुझी मान वर आली, पण दाराकडे नाही. कॅमेऱ्याच्या पलीकडे, दोन दिव्यांच्या मध्ये. आधी डोळे आले. मग डाव्या डोळ्याचा तो कोपरा. मग सगळा लायल त्या चेहऱ्यात एकेक पायरी चढून आला, आणि तू म्हणालास, "प्रोफेसर! अरे, तू कधी आलास?"

हसणारा सुतार गप्प झाला. डायरेक्टर बराच वेळ 'कट' म्हणायचं विसरला. मी तारा ओलांडून तुझ्यापाशी पोचेपर्यंत तू हॅट माझ्यापुढे केली होतीस. "आपली हॅट, साहेब."

स्टेशनवर द्यायची होती ती नजर तू दिलीस. जरा उशीर झाला, एवढंच. आणि ती फिल्मवर उतरली होती. परतीच्या गाडीत मी स्वतःला हेच सांगत आलो: देशातल्या प्रत्येक गावात तो मला रोज ओळखणार, मॅटिनीला आणि संध्याकाळी.

काल तो सिनेमा इथे लागला. विनी, तुम्ही जाऊ नका म्हणाला होतात. मला वाटलं, मला रडू येईल म्हणून जपताय. मी गेलो.

घंटा वाजली. दार उघडलं. "नमस्कार साहेब." तू हॅट घेतलीस, आत वळलास, आणि एकदम जेवणाचं टेबल, मेणबत्त्या, नायिका सूप पितेय.

लायल, तूच मला सांगितलं होतंस, जिथे लोक गप्प बसतात तिथे कात्री. पोमोनाचे लोक गप्प बसले असणार. बसणारच. तुझ्या हरवण्यावर हसता येतं. तू सापडलास त्यावर कोण हसेल? त्यांना दोष देत नाही. जमिनीवर पडलेली फिल्मची ती पट्टी कोणीतरी झाडून टाकली असेल, त्यालाही देत नाही.

पण ती जागा मला पाठ होती. सुपाचा पहिला चमचा वर जात असताना मी भर थिएटरात मोठ्याने म्हणालो, "हो रे, मीच. जूनमध्ये आलो."

होबार्ट पुढे बसला होता. त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. परत पडद्याकडे पाहिलं. शेंगदाणा सोलला. तो तोंडात टाकणार, तोच त्याची मान सावकाश पुन्हा वळली. मग तो उठून मागच्या रांगेत आला आणि माझ्या शेजारी बसला. न्हावी माणूस, सिनेमा संपेपर्यंत गप्प! गावात कोणी विश्वास ठेवणार नाही.

तर एवढंच सांगायचं होतं. तू मला ओळखलं होतंस. पडद्यावर नसलं तरी घडलं होतं. मी तिथे होतो.

विनी, आता पत्र खाली ठेवा. तो ताटाकडे बघत असेल, लोणी लावत असेल. त्याला काही विचारू नका. लगेच उठून नळही सोडू नका. जरा वेळ बसून राहा. त्याला वेळ लागतो.

ॲम्ब्रोज